इटालियन भयपट : त्या भिंतीवर नक्की काय होतं? (रहस्यभेद आहेत, बघितले नसतील तर इथूनच परत फिरा)

फुटका कंदील

शीर्षकात सांगितलंय, पुन्हा सांगतो. खाली दोन-तीन चित्रपटांतले खुनी उघडे पडलेत. नंतर शिव्या घालू नका.

गेल्या शनिवारी दारिओ अर्जेंतोचा 'प्रोफोन्दो रोस्सो' (१९७५) चौथ्यांदा बघितला. पहिल्यांदा बघितला तो कॉलेजात असताना, मित्राच्या खोलीवर, पेन ड्राइव्हवरून. सबटायटलं दोन सेकंद मागे. शेवट कळल्यावर सगळे "हॅ! फसवलं राव" म्हणून ओरडले. मग एकाने चिडून सुरुवातीचा प्रसंग परत लावला, आणि खोलीत कोणी बोलेना.

प्रसंग असा. मार्क हा रोममध्ये राहणारा इंग्रज पियानोवादक. रात्री चौकात उभा असताना वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना बघतो. धावत वर जातो. फ्लॅटमध्ये शिरल्यावर एक लांब बोळ लागतो, त्याच्या भिंतींवर चेहऱ्यांची चित्रं, एकाला लागून एक, सगळे चेहरे भुतासारखे पांढरे. मार्क बोळातून पळत जातो, कॅमेरा त्याच्याबरोबर. नंतर पोलीस येतात, पंचनामा होतो, आणि मार्कच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो : मघाशी इथे एक चित्र होतं, ते आता नाही. पुढचा सगळा चित्रपट तो त्या गायब झालेल्या चित्राच्या मागे लागतो. शेवटी कळतं की चित्र गायब झालेलंच नाही. तिथे आरसा आहे. मघाशी त्या आरशात खुनी बाई उभी होती, चित्रांतल्या चेहऱ्यांच्या रांगेत आणखी एक चेहरा होऊन.

आणि ती आपल्यालाही दाखवलेली आहे. त्याच वेळी, त्याच फ्रेममध्ये. नंतर जोडलेला तुकडा नाही, फसवा कट नाही. दोन तासांहून थोड्या मोठ्या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात खुनी तोंडासमोर येऊन गेलेला असतो आणि आपण मार्कबरोबर पळत पुढे जातो.

इटालियन भयपटांतले 'छुपे अर्थ' यावर इंटरनेटवर ढिगाने व्हिडिओ आहेत. लाल रंग म्हणजे अमुक, बाहुली म्हणजे तमुक. माझं म्हणणं उलटं आहे. यातल्या चांगल्या लोकांनी काही लपवलेलंच नाही. समोर मांडून ठेवलंय आणि आपण चुकीचं बघतो, हाच त्यांचा विषय आहे.

अर्जेंतोचा पहिला चित्रपट घ्या, १९७०चा, 'काचेच्या पिसांचा पक्षी' असं ज्याचं नाव होईल तो. एक अमेरिकन लेखक कलादालनाच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो. आत काळा कोट घातलेला माणूस आणि एक बाई यांची झटापट चालू. बाई रक्तबंबाळ. आपण काय समजतो? माणूस मारतोय, बाई वाचायला बघतेय. सुरी बाईच्या हातात होती! तो तिचा नवरा, तिला आवरत होता. लेखकाला सगळं दिसलं, आवाज तेवढा आला नाही, आणि उरलेलं त्याने स्वतःच्या समजुतीने भरलं.

'सुस्पिरिया'त (१९७७) हेच कानाच्या बाबतीत. सुझी पावसात नृत्यशाळेच्या दाराशी पोचते तेव्हा आतून एक मुलगी काहीतरी ओरडत बाहेर पळते. पावसाच्या आवाजात 'रहस्य' आणि 'आयरिस' एवढेच शब्द तुटक ऐकू येतात. शेवटाकडे भिंतीवर आयरिसची फुलं रंगवलेली दिसतात, त्यातलं निळं फिरवलं की दार उघडतं. किल्ली पहिल्या दहा मिनिटांतच हातात दिली होती.

बाकीच्यांनी भर घाला. तुम्हाला यात काय विचित्र वाटलं, आणि ते मुद्दाम केलेलं वाटतं की आपोआप झालेलं?

वरणफळं

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी यातले चारच बघितलेत, त्यामुळे अडाणी प्रश्न. प्रत्येक चित्रपटात ती एकच हिरवी दारूची बाटली का असते? पिवळ्या लेबलाची. खुन्याच्या घरी तीच, इन्स्पेक्टरच्या घरीही तीच. हा काही संकेत आहे का?

स्वल्पविराम

@वरणफळं, ती जे अँड बी व्हिस्की. संकेत एवढाच की जाहिरात आहे :) सत्तरच्या दशकातल्या जाल्लोंमध्ये ती इतकी दिसते की चाहते आता बाटल्या मोजत बसतात. कितीही घाईत असला तरी माणूस ग्लास भरताना लेबल कॅमेऱ्याकडे करतो.

(जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून इटलीत कुठल्याही रहस्यकथेला जाल्लो म्हणतात. आपण बाहेरचे लोक फक्त काळे हातमोजे आणि सुरीवाल्या चित्रपटांना म्हणतो.)

कंदीलराव, लेख छान, पण 'मुद्दाम की आपोआप' यात मी दुसऱ्या पारड्यात बसते. मी अकरा वर्षं डबिंगमध्ये आहे, त्यामुळे मला या चित्रपटांत सगळ्यात आधी खटकतात ते आवाज. माणूस खोलीच्या टोकाला उभा असतो आणि आवाज कानाशी. ओठ इंग्रजी बोलतात, शब्द इटालियन. नाहीतर उलटं. बघणाऱ्याला वाटतं, काय स्वप्नासारखं वातावरण आहे! वातावरण कसलं, इटलीत तेव्हा सेटवरचा आवाज वापरायचेच नाहीत. मुसोलिनीच्या काळात परदेशी चित्रपट इटालियनमध्ये डब करण्याची सक्ती झाली, त्यातून डबिंगचा मोठा धंदा उभा राहिला आणि मग स्वतःचे चित्रपटही तसेच व्हायला लागले. नटी अमेरिकन, खलनायक जर्मन, नोकर इटालियन, जो तो आपापल्या भाषेत बोलणार. 'सुस्पिरिया'च्या सेटवर हेच. नंतर स्टुडिओत सगळ्यांना कोरडे, स्वच्छ आवाज चिकटवले. आमच्याकडे असा ट्रॅक नेला तर मिक्सिंगवाला विचारेल, "खोली कुठेय?" त्या चित्रपटांत खोली नाहीच, म्हणून माणसं भुतासारखी वाटतात.

आडगावचा पाहुणा

दोन ओळींची गोष्ट आणि वीस ओळींचा अर्थ. मग दिग्दर्शक फुल्चीच्या 'झोंबी २'मध्ये (१९७९) पाण्याखाली झोंबी आणि शार्कची कुस्ती आहे, तिचा छुपा अर्थ सांगा बघू.

फुटका कंदील

@पाहुणा, काही अर्थ नाही. शार्क खरा होता, आणि झोंबीच्या मेकअपमध्ये रामोन ब्राव्हो हा मेक्सिकन पाणबुड्या होता, ज्याला शार्कबरोबर काम करायची सवय होती. याहून जास्त अर्थ मला नको.

@स्वल्पविराम ताई, आवाजाचं पटलं. पण जाहिरातीची बाटली आणि आरसा एका पारड्यात टाकू नका.

डॉ. घुबड

जरा गंभीर होतो. हे चित्रपट कधी आले ते बघा. १२ डिसेंबर १९६९ला मिलानमध्ये पियात्सा फोन्तानातल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं मेली. पोलिसांनी अराजकवाद्यांना उचललं. त्यातला पिनेल्ली हा रेल्वे कामगार तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेला. पुढे धागे अतिउजव्यांकडे वळले, खटले अनेक दशकं चालले. म्हणजे देशाने एक गोष्ट बघितली, तिचा एक अर्थ सांगितला गेला, आणि तो अर्थ चुकीचा निघाला. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७०ला, तुमचा तो काचेच्या दारांचा चित्रपट लागला. पोलीस चुकीच्या माणसामागे, साक्षीदाराची आठवण चुकीची. या चित्रपटांत पोलीस नेहमी निरुपयोगी का असतात, याचं उत्तर मला तरी इथे दिसतं.

फुटका कंदील

घुबडसाहेब, मोह मलाही होतो. पण फेब्रुवारीत लागलेला चित्रपट डिसेंबरच्या बॉम्बच्या आधीच चित्रित झालेला असणार ना? आणि मारिओ बावाने १९६४लाच फॅशन हाऊसमधल्या सहा बायकांच्या खुनांचा चित्रपट केला होता, त्यातही इन्स्पेक्टर असाच पाट्या टाकतो. कारण म्हणून नाही पटत. पण लोकांनी ते डोक्यावर का घेतले याचं उत्तर म्हणून ऐकून घेईन.

डॉ. घुबड

चित्रीकरणाचा मुद्दा मान्य. 'लोकांनी डोक्यावर का घेतले' एवढंच माझं म्हणणं धरा.

तोरिनोकर

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. शिकायला म्हणून आलो आणि सहा वर्षं झाली तोरिनोत (म्हणजे ट्युरिनमध्ये). 'प्रोफोन्दो रोस्सो'ची गोष्ट रोमची असली तरी तो चौक इथला, पियात्सा सी.एल.एन. माझ्या रोजच्या वाटेवर. दोन कारंजी, त्यांवर दोन नद्यांचे पुतळे आडवे पहुडलेले : एका बाजूला पो (हा पुरुष), दुसऱ्या बाजूला दोरा (ही बाई). मार्कचा दारुडा मित्र कार्लो यातल्याच एका कारंज्यापाशी बसलेला असतो. चौक मुसोलिनीच्या काळातला, सरळसोट, थंड दगडाचा. चित्रपटात तिथे निळा बार दिसतो, काचेआड माणसं बाहुल्यांसारखी स्तब्ध. तो शोधू नका, सेट होता, एडवर्ड हॉपरच्या रात्रीच्या उपाहारगृहाच्या चित्रावरून बेतलेला. मीही पहिल्या महिन्यात शोधला होता.

आता खरी गोष्ट. याच चौकात जुनं 'आल्बेर्गो नात्सिओनाले' हे हॉटेल होतं. जर्मनांनी शहर ताब्यात घेतल्यावर गेस्टापोचं ठाणं तिथे होतं, लोकांना आणून छळायचे. भिंतीवर फलक आहे. चौकाचं नावही त्यामुळेच : सी.एल.एन. म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढलेली राष्ट्रीय मुक्ती समिती. खिडकीतून किंकाळी येते आणि चौकात कोणी हलत नाही, हा प्रसंग त्या जागी बघितला की वेगळा वाटतो. अर्जेंतोच्या मनात हे होतं का, मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. चौकाच्या मनात नक्की आहे.

जाता जाता, त्यातला तो पछाडलेला बंगला म्हणजे विल्ला स्कॉत, १९०२चा, फेनोलिओ या वास्तुविशारदाचा. वळणदार गच्च्या, काचकाम, एखाद्या केकसारखा. चित्रीकरणाच्या वेळी तिथे नन्सची मुलींची शाळा होती, आणि निर्मात्यांनी मुलींना सुट्टीला रिमिनीला पाठवून बंगला मोकळा करून घेतला असं इथले लोक सांगतात.

काळी मांजर ९

वा तोरिनोकर! फोटो टाका ना.

माझं आवडतं विचित्रपण 'सुस्पिरिया'तलं. त्यातल्या मोठ्या मुली लहान मुलींसारख्या का भांडतात हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. एक म्हणते, 'स'वरून सुरू होणारी नावं सापांची असतात, आणि दोघी एकमेकींना जीभ काढून दाखवतात! कॉलेजच्या वयाच्या मुली! मग वाचलं की अर्जेंतोला बारा वर्षांच्या आतल्या मुली घ्यायच्या होत्या. असल्या खुनांच्या चित्रपटात तेवढ्या लहान मुली घ्यायला निर्माता, म्हणजे त्याचेच वडील, तयार होईनात. मग वयाने मोठ्या नट्या घेतल्या, संवाद मात्र तसेच ठेवले आणि दारांच्या मुठी वर सरकवल्या. बघा नीट, मूठ फिरवताना हात खांद्याच्या उंचीवर जातो. कळत काहीच नाही, पण आपण सहा वर्षांचे असल्यासारखं वाटत राहतं.

आणि रंग. अर्जेंतोने छायालेखक तोवोलीला डिस्नेच्या हिमगौरीसारखे रंग हवेत असं सांगितलं होतं. तोवोलीने रंगीत मखमल आणि कागदाच्या चौकटी दिव्यांसमोर लावून नट्यांच्या अगदी जवळ आणल्या. त्यामुळे चेहरा हिरवा म्हणजे हिरवाच, मागची भिंत लाल म्हणजे लालच, मधली छटा नाही. प्रिंटही जुन्या टेक्निकलर पद्धतीने काढल्या, जी तेव्हा जवळजवळ बंद पडली होती.

स्वल्पविराम

बघा, मांजरीने माझंच म्हणणं सिद्ध केलं. मुठी वर गेल्या कारण वडील नाही म्हणाले.

आणि दिव्यांची गोष्ट निघाली तर बावांचा उल्लेख पाहिजेच. बावा मुळात छायालेखक. वडील शिल्पकार आणि ट्रिकवाले, त्यामुळे घरातच कारखाना. १९५७चा 'इ व्हाम्पिरी' हा बोलपटांच्या काळातला पहिला इटालियन भयपट. फॅसिस्ट राजवटीत असले चित्रपट चालायचेच नाहीत. दिग्दर्शक फ्रेदाचं निर्मात्यांशी बिनसलं आणि तो मध्येच सोडून गेला, मग राहिलेलं बावांनी पुरं केलं. त्यात एक सुंदर बाई कॅमेऱ्यासमोर, कटशिवाय, म्हातारी होते. कसं? चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या. प्रकाश लाल ठेवला की कृष्णधवल फिल्मवर त्या दिसतच नाहीत, चेहरा कोरा. मग लाल दिवा हळूहळू मंद करायचा आणि हिरवा-निळा वाढवायचा. त्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो, आणि सुरकुत्या आतून उगवल्यासारख्या वर येतात. १९३१मध्ये हॉलिवूडने ही युक्ती वापरली होती, पण बावांनी ती पापड लाटावे इतक्या सहज केली.

आता कंदीलराव, तुम्हाला यात आनंद वाटेल. सुरकुत्या पहिल्यापासून तिथेच होत्या.

फुटका कंदील

ताई, हे तुम्ही माझ्या पारड्यात टाकलंत, लक्षात आलं का? :)

आडगावचा पाहुणा

पहिल्या इटालियन भयपटावरून आठवलं. फ्रेदा सांगायचा की सान रेमोला तो थिएटरबाहेर उभा होता. लोक पोस्टर बघून खूश व्हायचे, आणि दिग्दर्शकाचं इटालियन नाव वाचलं की निघून जायचे. त्यावरून तो रॉबर्ट हॅम्प्टन झाला, बावा जॉन एम. ओल्ड, दिग्दर्शक मार्गेरिती अँथनी डॉसन. स्वतःच्या देशातल्या भुतांवर स्वतःच्याच लोकांचा विश्वास नाही. हा घ्या छुपा अर्थ, फुकट.

फुटका कंदील

पाहुणे, तुम्ही चिडून लिहिलेले प्रतिसाद सगळ्यात चांगले असतात.

माजघरातली पणती

सगळे रंग आणि आरशांबद्दल बोलताय, म्हणून फुल्चीच्या १९७२च्या चित्रपटाबद्दल लिहिते, तो बदकाच्या नावाचा. दक्षिण इटलीतलं एक डोंगरातलं गाव. लहान मुलं मरतायत. गावाबाहेर एक बाई राहते, मेणाच्या बाहुल्या करून टाचण्या टोचते. आपल्याकडे करणी म्हणतात तोच प्रकार. पोलीस तिला पकडतात, ती निर्दोष म्हणून सोडतात, आणि गावातले बाप्ये तिला स्मशानात गाठतात.

मला तो प्रसंग दोनदा बंद करावा लागला. साखळ्यांनी मारतात. पण मारताना एक जण गाडीतला रेडिओ मोठा करतो. आधी धांगडधिंगा गाणं, मग तेच मार खाणं चालू असताना ऑर्नेल्ला व्हानोनीचं एक हळुवार प्रेमगीत. ते गाणं प्रसंगासाठी नाही लावलेलं, रेडिओवर लागलंय म्हणून चालू आहे. ती रांगत रांगत हमरस्त्याच्या कडेला पोचते. गाड्यांतून शहरातली कुटुंबं सहलीला चाललीत. तिला बघतात आणि निघून जातात.

चित्रपट सुरू होतो तो त्या उंच पुलावरच्या नव्या महामार्गाने, आणि त्याच्या शेजारी मातीत बाळाचा सांगाडा उकरणाऱ्या हातांनी. गावाने भूत म्हणून तिला मारलं, आणि खुनी निघतो तरुण पाद्री. मुलं मोठी होऊन पापात पडू नयेत म्हणून निष्पाप असतानाच मारायचा. मुलांना फुटबॉल शिकवणारा, सगळ्यांचा लाडका. त्यालाही सगळे रोज बघत होते.

काळी मांजर ९

पणतीताई, काटा आला.

यात पुपी आवातींचा १९७६चा 'हसणाऱ्या खिडक्यांचं घर' जोडा. पो नदीच्या खोऱ्यातला, धुकं आणि दलदल. देवळातलं संत सेबास्तियनचं भित्तिचित्र दुरुस्त करायला एक तरुण येतो. मूळ चित्रकार मरणाऱ्या माणसांची चित्रं काढण्यात पटाईत होता म्हणे. शेवट सांगत नाही, पण त्यातही पाद्री नीट बघा.

डॉ. घुबड

आणखी एक, कंदीलरावांच्या मुद्द्याला धरून. 'प्रोफोन्दो रोस्सो'तली खुनी बाई म्हणजे क्लारा कालामाई. चाळीसच्या दशकातली मोठी तारका, व्हिस्कोंतीच्या पहिल्या चित्रपटाची (१९४३) नायिका. चित्रपटात ती कार्लोची आई, विस्मृतीत गेलेली नटी. मार्क घरी येतो तेव्हा त्याला कौतुकाने आपले जुने फोटो दाखवते. ते फोटो खरे आहेत, कालामाईचेच. १९७५ला थिएटरात बसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या इटालियन माणसाने हा चेहरा तरुणपणी मोठ्या पडद्यावर बघितलेला होता, आणि आरशात ओळखला नाही.

फुटका कंदील

दंडवत. हे मला सुचलंच नव्हतं.

त्याच चित्रपटातलं अजून एक. मार्क बंगल्यातलं प्लास्टर खरवडतो, खाली लहान मुलाने काढलेलं खुनाचं चित्र सापडतं. तो समाधानाने निघून जातो. तो गेल्यावर रिकाम्या खोलीत प्लास्टरचा आणखी एक तुकडा आपोआप पडतो, आणि चित्रात तिसरी आकृती दिसते. फक्त आपल्याला. तरीही आपण खुनी ओळखत नाही ते नाहीच.

स्वल्पविराम

निघण्याआधी माझ्या पारड्यात शेवटचं वजन. बावांचा तीन कथांचा चित्रपट, १९६३चा, ज्याच्या इंग्रजी नावावरून 'ब्लॅक सॅबथ' या ब्रिटिश बँडने नाव घेतलं. इटालियन प्रतीत शेवटी नट बोरिस कार्लोफ घोड्यावर दौडत प्रेक्षकांना निरोप देतो. मग कॅमेरा मागे मागे येतो. घोडा खोटा, लाकडी. आणि युनिटमधली माणसं हातात झाडांच्या फांद्या घेऊन घोड्याभोवती गोल गोल पळतायत, म्हणजे जंगल मागे सरकतंय असं वाटावं. आमच्या धंद्यातली माणसं हा प्रसंग बघून रडतात, हसत हसत.

वरणफळं

परत आलो. काल रात्री घरी 'प्रोफोन्दो रोस्सो' लावला. तुम्ही सगळं फोडल्यामुळे मी बोळाचा प्रसंग येईपर्यंत टक लावून बसलो होतो. बाबा सोफ्यावर पेपर घेऊन. त्यांना चित्रपटाशी देणंघेणं नाही, मध्येच गोळी घ्यायला उठले आणि टीव्हीसमोरून जाताना म्हणाले, "ती बाई कोण उभी आहे तिथे?"

मी इतका वेळ टक लावून बसलो होतो, तरी मला ती मागे नेल्यावरच दिसली.

फुटका कंदील

बाबांनी चष्मा लावला होता का?

वरणफळं

वाचायचा. लांबचा आत कपाटात.